औंधचे स्वराज्य आणि सूर्यनमस्कार

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात औंध म्हणून एक गाव आहे. गावालगत यमाईचा डोंगर आहे. देवीच्या दर्शनास जाणारे यात्रेकरू आणि डोंगरावरील संग्रहालयातील चित्रे पाहण्यास जाणारे रसिक, एवढ्यांचीच पावले आज बहुधा तिकडे वळतात. परंतु राज्यकारभाराच्या प्रश्नांचा ज्यांस विचार करावयाचा आहे, त्यांनीही एकदा औंधास जाऊन यावे असे आम्हांस वाटते. निवडणूक कशी असावी, आणि प्रजेच्या आरोग्याची काळजी कोणी व कशी घ्यावी, हे दोन प्रश्न आज सर्वत्र वादाचे होऊन बसले आहेत. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार कोण असावा हे ठरविण्यासाठी वेगळी पूर्वनिवडणूक घेतात, आणि रोग्यांच्या खर्चाविषयी २०१० साली तेथे जो कायदा झाला त्यावर पुढील कित्येक निवडणुका लढविल्या गेल्या. आपल्याकडे सरपंच लोकांनी थेट निवडावा की सदस्यांनी निवडावा, याविषयीचा नियम २०१७, २०२० आणि २०२२ अशा तीन साली तीन वेळा फिरला. आणि गरिबांच्या शस्त्रक्रियेचा खर्च उचलणाऱ्या सरकारी योजनेचे नाव व रूप सत्तांतराबरोबर बदलले. औंधसारख्या चिमुकल्या संस्थानाने हे दोन्ही प्रश्न एकाच काळात आणि एकाच वृत्तीने हाताळले होते. त्या हकीकतीतून काय घ्यावे आणि काय टाकावे, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

प्रारंभीच एक गोष्ट सांगून टाकणे बरे. प्रस्तुत लेखकाचा पिंड स्थितिप्रिय माणसाचा आहे. जुने ते सारे सोने असे तो मानीत नाही. परंतु जे पिढ्यान्‌पिढ्या टिकले ते का टिकले हे कळल्यावाचून त्यावर कुऱ्हाड चालवू नये, आणि नवे झाड लावावयाचे तर जुन्या मातीचा कस पाहून लावावे, एवढे मात्र तो मानतो. अशा मनुष्यास औंधचा प्रयोग प्रथमदर्शनी मोठा अनुकूल वाटतो. तो किती अनुकूल आहे आणि कोठे त्याच्याच अंगावर उलटतो, हे पुढे दिसून येईल.

प्रतिनिधी हे पद छत्रपती राजारामांच्या काळी, मराठ्यांचे राज्य जिंजीच्या आश्रयाने तग धरून होते तेव्हा निर्माण झाले. पुढे किन्हईचे परशुराम त्रिंबक या पदावर आले आणि त्यांच्या घराण्यात ते कायम झाले. पेशवाई बुडाली, १८४८ साली सातारचे राज्यही खालसा झाले; पण पंतप्रतिनिधींची जहागीर इंग्रजांच्या छत्राखाली एक लहानसे संस्थान म्हणून उरली. या संस्थानाचा मुलूख म्हणजे फाटलेल्या गोधडीचे तुकडे होते. औंध एकीकडे, माणदेशातील आटपाडी दुसरीकडे, कृष्णेकाठच्या बागायतीजवळचे कुंडल तिसरीकडे, आणि गुणदाळ तर थेट विजापूरच्या बाजूस. हे चार तालुके, सुमारे ५०० चौरस मैल जमीन, ७२ च्या आसपास गावे आणि १९३१ च्या शिरगणतीप्रमाणे पाऊण लाखावर लोकवस्ती, एवढाच सारा पसारा. त्यातही बरीच जमीन पर्जन्यछायेतली. ज्या साली पाऊस हुलकावणी देई, त्या साली प्रजा आणि खजिना दोन्हीही कोरडी.

अशा संस्थानाच्या गादीवर १९०९ साली भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी आले. संस्थानिक म्हटले म्हणजे शिकार, शर्यतीचे घोडे आणि विलायतेच्या वाऱ्या असे जे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते, त्याच्याशी या गृहस्थाचे फारसे जमत नव्हते. ते स्वतः चित्रे काढीत, कीर्तन करीत. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढण्याचे प्रचंड काम हाती घेतले, त्यामागे त्यांची प्रेरणा आणि द्रव्यसाहाय्य होते. वेदाभ्यासक व चित्रकार श्रीपाद दामोदर सातवळेकर १९१८ पासून जवळजवळ तीस वर्षे औंधास राहिले. बेळगावातून बस्तान हलवावे लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांस याच राजाने कुंडलनजीकच्या माळावर जागा दिली आणि १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. ज्या माळावर निवडुंगाशिवाय काही उगवत नव्हते तेथे लोखंडी नांगर तयार होऊ लागले, आणि १९२० पासून त्याच वाडीतून निघालेल्या नियतकालिकाने मराठी मध्यमवर्गाच्या घरोघर नवे विचार नेले. तात्पर्य, हा राजा जुन्या वळणाचा खरा, पण नव्यास दार लावून घेणारा नव्हे.

आरोग्याच्या बाबतीत त्यांची वाट अशीच होती. तरुणपणी त्यांनी सँडो या जगप्रसिद्ध युरोपीय मल्लाची पद्धत उचलली होती. त्याची साधने मागविली, पुस्तके वाचली आणि त्या पद्धतीने वर्षानुवर्षे व्यायाम केला. पुढे १९०८ च्या सुमारास मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले, आणि वळले ते कायमचेच. नमस्कार ही काही त्यांनी शोधून काढलेली गोष्ट नव्हती. समर्थांच्या परंपरेतल्या आखाड्यांत आणि घराघरांतल्या उपासनेत ती चालतच होती. बाळासाहेबांनी केले ते एवढेच, की जी गोष्ट व्रत म्हणून काहीजण करीत होते तिला सर्वांच्या नित्यक्रमाचे रूप दिले. त्यांच्या घरातील स्त्रीपुरुष नमस्कार घालीत. संस्थानच्या शाळांतून मुलामुलींना ते घालावयास लावले गेले. त्यांनी त्यावर मराठी व इंग्रजीत पुस्तके लिहिली. १९३६ साली ते विलायतेस गेले असता लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांची पद्धत तिकडच्या वाचकांपुढे मांडली, आणि १९३८ साली या विषयावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक तिच्याच संपादनाने लंडनमध्ये छापले गेले.

या उद्योगाची थट्टा करणे सोपे आहे, आणि त्या काळी ती झालीही असेल. तथापि त्यामागील विचार थट्टेवारी नेण्यासारखा नाही. गरीब संस्थानास गावोगाव दवाखाने काढणे शक्य नव्हते. वैद्य येईल तेव्हा येईल; तोपर्यंत प्रत्येकाने आपल्या शरीराची राखण आपणच करावी, तिला साधने लागू नयेत, पैसा लागू नये, चार हात जागा पुरावी, असा तो हिशेब होता. आणखी एक गोष्ट या हिशेबात गृहीत होती. औषध दुसऱ्याने आणून दिले तरी चालते, व्यायाम मात्र दुसऱ्याने करून चालत नाही. राजाने हुकूम काढला तरी नमस्कार ज्याचे त्यालाच घालावे लागतात.

परंतु या विचाराची मर्यादाही तितकीच स्पष्ट सांगितली पाहिजे. नमस्काराने छाती भरते, पचन सुधारते, अंगी चपळाई येते. पण प्लेगचा उंदीर किंवा पटकीचे पाणी नमस्कार पाहून मागे फिरत नाही. त्या काळच्या महाराष्ट्रातील खेड्यांचा मुख्य शत्रू साथ हा होता, आणि साथीशी एकट्याने लढता येत नाही. तेथे स्वच्छ विहीर लागते, लस लागते, सुईण शिकलेली असावी लागते. ही कामे समाजाची आणि सरकारची आहेत. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली सबंध हिंदुस्थानसाठी जी आरोग्ययोजना मांडली, तिचा पायाच असा होता, की पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणाही माणसास उपचार नाकारला जाऊ नये. आज खेड्यापाड्यांत दिसणारी प्राथमिक आरोग्य केंद्रे हे त्या विचाराचे फळ आहे. ज्या स्थितिप्रिय माणसास औंधचा नमस्कार आवडतो आणि भोर समितीचा दवाखाना आवडत नाही, त्याने आपल्या घरी बाळंतपण अडले असता तो काय करील, हे स्वतःशी विचारून पाहावे.

आता स्वराज्याची कथा. राजेसाहेबांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले आणि कारभारात लक्ष घालू लागले. त्या सुमारास बंगळूरच्या सरकारी कारखान्यात काम करणारे मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलिश ज्यू इंजिनियर औंधास येऊ लागले. यंत्रांत हात बसलेला हा मनुष्य मनाने साधक होता. पुढे त्याने भारतानंद हे नाव घेतले, आणि उत्तरायुष्यात मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांची संभाषणे इंग्रजीत आणून जगापुढे ठेवली. राजा, राजपुत्र आणि हा परदेशी इंजिनियर यांच्या विचारविनिमयातून असे ठरले, की राज्याचे अधिकार प्रजेच्या स्वाधीन करावे. १९३८ च्या नोव्हेंबरात, वयाची सत्तर वर्षे नुकतीच पूर्ण केलेल्या राजाने तशी घोषणा केली. घटनेचा मसुदा घेऊन मंडळी महात्मा गांधींकडे गेली. महात्माजींनी त्यात मन घातले, आणि १९३९ च्या जानेवारीत औंधची स्वराज्याची घटना अमलात आली. हा काळ लक्षात घेतला पाहिजे. राजकोटपासून त्रावणकोरपर्यंत अनेक संस्थानांतून त्या वेळी प्रजा जबाबदार राज्यपद्धती मागत होती आणि बहुतेक दरबार लाठीने उत्तर देत होते. औंधात मात्र राजा अधिकार देऊ करीत होता आणि ते घ्यावयाचे कसे, हे प्रजेला शिकावयाचे होते.

घटनेची रचना शिडीसारखी होती. सर्वांत खालची पायरी गावाची. मतदारांनी आपल्या गावच्या पाच जणांची पंचायत निवडावयाची. पंचायतींच्या अध्यक्षांनी मिळून तालुक्याची समिती व्हावयाची, आणि तालुका समित्यांनी आपल्यातून प्रतिनिधी निवडून संस्थानच्या विधिमंडळात पाठवावयाचे. म्हणजे सामान्य मतदार थेट मत देई ते फक्त गावापुरते. ज्याला तो रोज पाणवठ्यावर, शेताच्या बांधावर, देवळाच्या पारावर पाहतो, ज्याचे देणेघेणे आणि ज्याचा शब्द किती खरा हे त्याला ठाऊक आहे, अशाच माणसाविषयी त्याने मत द्यावयाचे. वरच्या निवडी वरच्या पायरीवर चढलेल्यांनी करावयाच्या.

या शिडीची तुलना अमेरिकेतील पूर्वनिवडणुकीशी करून पाहण्यासारखी आहे. तेथेही प्रश्न हाच होता, की शेवटच्या मतदानापूर्वी माणसांची जी निवड होते ती कोणी करावी. पूर्वी ती पक्षाचे पुढारी बंद दाराआड करीत. त्याविरुद्ध ओरड झाली, विस्कॉन्सिन राज्यात रॉबर्ट ला फॉलेट यांच्या पुढाकाराने १९०३ साली कायदा होऊन ती निवड लोकांच्या मतावर सोपविण्यात आली, आणि पुढे ती पद्धत देशभर पसरली. पुढाऱ्यांची मिरासदारी मोडली हे खरे. पण लाखो मतदारांना ज्याची ओळख वर्तमानपत्रांतून आणि जाहिरातींतूनच व्हावयाची, अशा माणसास पैसा आणि आवाज यांचे बळ लागू लागले. औंधच्या शिडीवर चढणाऱ्याला जाहिरात लागत नव्हती. त्याला गावात बरे वागावे लागत होते.

एवढ्यावरून औंधची पद्धत श्रेष्ठ ठरते, असे म्हणण्याचा मोह आम्हांसही होतो. पण त्याच अमेरिकेचा दुसरा दाखला विसरून चालणार नाही. तेथील सेनेटचे सभासद १९१३ पर्यंत लोक निवडीत नसत. ते राज्याराज्यांच्या विधिमंडळांनी निवडावयाचे असत. शहाण्यांनी शहाण्यांस निवडावे हा हेतू. फळ असे आले की काही धनिकांनी आमदारांची खरेदी केली, आणि अखेर घटनादुरुस्ती करून निवड लोकांच्या हाती द्यावी लागली. हजारांना विकत घेण्यापेक्षा दहाबाराजणांना विकत घेणे केव्हाही स्वस्त पडते. आपल्याकडे अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सदस्यांना सहलीस नेऊन ठेवण्याची जी चाल पडली आहे, ती पाहिलेल्यास हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. औंधची शिडी निर्मळ राहिली याचे श्रेय शिडीच्या बांधणीइतकेच तिच्यावर नजर ठेवून असलेल्या माणसांसही होते. राजपुत्रावर महात्माजींनी साध्या राहणीची अट घातली होती आणि त्याने ती मान्य केली होती. विश्वास ठेवावयास माणसे असली म्हणजे पद्धतीचे दोष झाकतात. माणसे गेली की उघडे पडतात.

घटनेतील सर्वांत वादग्रस्त कलम मताधिकाराचे. ज्याला लिहितावाचता येते त्याने मत द्यावे, अशी अट महात्माजींच्या आग्रहाने आली. हेतू असा, की या अटीने लोकांना शिकण्याची ओढ लागेल आणि शिकलेल्यांवर न शिकलेल्यांना शिकविण्याची जबाबदारी पडेल. स्थितिप्रिय माणसास हे कलम वाचून आनंद होतो. ‘पाहा, प्रत्यक्ष गांधीसुद्धा मताला पात्रता लागते असे म्हणत होते’ असे म्हणावेसे त्याला वाटते. पण १९३१ साली सबंध हिंदुस्थानात साक्षरांचे प्रमाण शेकडा १० च्याही आत होते. या दहांत कोण येत होते आणि नव्वदांत कोण राहात होते, हे आपणांस ठाऊक आहे. बायका, अस्पृश्य मानलेल्या जाती, धनगर, मजूर यांना शाळेच्या ओटीपर्यंतही ज्यांनी येऊ दिले नव्हते, त्यांनीच पुढे ‘तुम्हांला वाचता येत नाही, सबब मत नाही’ असे म्हणावे, हा न्याय कसा होईल? अटीमागे शिकविण्याची तळमळ होती तोवर ती शाळेच्या परीक्षेसारखी होती. ती तळमळ गेली असती तर तीच अट कुलूप झाली असती. स्वतंत्र भारताने ती स्वीकारली नाही आणि प्रत्येक प्रौढास मत दिले, हे योग्यच झाले. हरियानात पंचायतीच्या उमेदवारांस शिक्षणाची अट घालण्यात आली व २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. तो प्रश्न उमेदवाराचा आहे, मतदाराचा नाही. तरी तेथेही अट घालणाऱ्याने आधी शाळा कोठवर पोचली आहे हे पाहावे, असेच औंधचे उदाहरण सुचविते.

पंचायतीचेही तसेच. गावपंचायत ही महाराष्ट्रास नवी नव्हती. शिवकाळापासून गोतसभा बसत होत्या, महजर होत होते, वतनांचे तंटे चावडीवर तुटत होते. इंग्रजी कचेऱ्या आल्या आणि ती व्यवस्था वाळून गेली. औंधच्या घटनेने तोच जुना सांगाडा पुन्हा उभा केला, न्याय गावाच्या दाराशी नेला आणि कज्जा वकिलाच्या ओटीऐवजी पंचांपुढे नेण्याची सोय केली. पण जुन्या गोतसभेत महार उभा राही तो चावडीच्या बाहेर, आणि पंच बनत तो वतनाने बने, मताने नव्हे. औंधने जुने भांडे घेतले आणि त्यात नवे पाणी भरले. हे भांडे जुने होते म्हणून लोकांच्या हाती ते चटकन बसले. पाणी नवे होते म्हणून ते पिण्यासारखे झाले. परंपरेचा अभिमान सांगणाऱ्याने यांपैकी दुसरी गोष्ट विसरू नये, आणि सुधारणेचा अभिमान सांगणाऱ्याने पहिली.

त्याच वर्षांत आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची उघडी वसाहत वसविण्यात आली. भिंत नाही, बेड्या नाहीत. कैद्यांनी जमीन कसावी आणि विश्वासावर राहावे. व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. ज्या राज्याचा सारा मुलूख एका दिवसात मोटारीने पाहून व्हावा त्याने असे धाडस करावे, आणि मोठमोठ्या सरकारांनी ते पडद्यावर पाहून टाळ्या वाजवाव्या, यात बोध आहे.

१९४२ ची चळवळ पेटली आणि सातारच्या दक्षिण भागात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा अंमल सुरू झाला, तेव्हा कुंडल हे त्याचे एक मुख्य ठाणे झाले. इंग्रजांच्या हद्दीत ज्यांच्यामागे पोलिस लागत त्यांना औंधच्या हद्दीत आसरा मिळे. इंग्रजी अमलास शह देण्यासाठी गावोगाव न्यायमंडळे चालविणाऱ्या त्या तरुणांनी जे केले ते औंधच्या घटनेचेच फळ होते असे म्हणणे धाडसाचे होईल. सत्यशोधक चळवळीने त्या भागाची मने आधीच नांगरून ठेवली होती. परंतु गावचा कारभार गावाने पाहावा ही कल्पना त्या मुलखात परकी राहिली नव्हती, एवढे निश्चित.

मग १९४८ साल उजाडले. ३० जानेवारीस महात्माजींचा खून झाला आणि त्यामागून महाराष्ट्रात जाळपोळ उसळली. ब्राह्मणांची घरे जळाली. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यासही आग लावण्यात आली. ही घटना औंधच्या इतिहासकारास टाळता येणार नाही. नऊ वर्षे पंचायती चालविलेल्या संस्थानाच्या हद्दीत, ज्या कारखान्याने शेकडो घरांत चूल पेटती ठेवली होती त्याच्याभोवती जमाव पेटून उठला. बाहेरून आलेल्या वाऱ्याने ते झाले असे म्हणून सुटका करून घेता येईल. पण खेड्यातील एकोपा हा जितका खोल आहे असे आपण समजतो तितका तो खोल नसतो, आणि जातीची दरी पाच पंचांच्या निवडणुकीने नऊ वर्षांत भरून निघत नाही, हे कबूल केलेले बरे. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला घटना परिषदेत डॉ. आंबेडकरांनी खेड्याच्या गुणगानावर जी कठोर टीका केली, ती वाचताना औंधच्या मित्रांनी हा फेब्रुवारी महिना आठवावा.

८ मार्च १९४८ रोजी औंध इतर दक्षिणी संस्थानांबरोबर मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याआधी काही संस्थानिकांनी मिळून एक संयुक्त राज्य करण्याची खटपट केली होती, पण ती टिकली नाही. विलीनीकरण अटळ होते आणि इष्टही होते. चार तुकड्यांत विखुरलेल्या संस्थानास मोठे रुग्णालय, महाविद्यालय किंवा कालवा कधीच परवडला नसता. औंध साताऱ्यात राहिले, आटपाडी व कुंडल पुढे सांगली जिल्ह्यात गेले, गुणदाळ विजापुराकडे गेले. पण मुलखाबरोबर घटनाही गेली. औंधच्या पंचायतींच्या जागी मुंबई प्रांताचा १९३३ चा पंचायतीचा कायदा आला, ज्यात गावाला औंधइतका अधिकारही नव्हता आणि जबाबदारीही नव्हती. ७२ गावांतील पंचांनी नऊ वर्षांत जे हिशेब ठेवावयास, तंटे मिटवावयास आणि आपल्याच शेजाऱ्यास नाही म्हणावयास शिकून घेतले होते, त्याची विचारपूस कोणी केली नाही.

पुढे काय झाले ते वाचकांस माहीत आहे. घटनेच्या ४० व्या कलमात पंचायतींचा उल्लेख आला. १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने गाव, गट व जिल्हा अशी तीन पायऱ्यांची शिडी सुचविली. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात येऊन पंचायतींना घटनेचे संरक्षण मिळाले. स्त्रियांना, दलितांना आणि आदिवासींना राखीव जागा मिळाल्या, आणि औंधच्या साक्षरतेच्या अटीने जे बाहेर राहिले असते ते पंच होऊन बसले. ही औंधहून मोठी गोष्ट झाली, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. मात्र १९३९ पासून १९९३ पर्यंत चौपन्न वर्षे लागली. आणि त्या गावांनी जे एकदा शिकून घेतले होते ते त्यांना नव्याने शिकावे लागले.

येथे आमच्या सारख्या वृत्तीच्या माणसास औंध दोन धडे देते, आणि ते दोन्ही घ्यावे लागतात. पहिला धडा आमच्याविरुद्ध आहे. अधिकार देण्याची वेळ आली म्हणजे ‘लोकांची अजून तयारी नाही’ हे वाक्य आमच्या तोंडी पटकन येते. औंधच्या सत्तर वर्षांच्या राजाने ते तोंडी आणले नाही. पोहण्यास शिकल्यावाचून पाण्यात उतरू नये, हा सल्ला ऐकणारा जन्मभर काठावरच बसतो. अधिकार हाती आल्यावरच तो वापरावयाची तयारी होते.

दुसरा धडा आमच्या बाजूचा आहे. जे रुजू लागले ते उपटू नये. हक्क हा कागदावर एका सहीने देता येतो. सवय तशी देता येत नाही. पंचाने निःपक्ष वागण्याची सवय, गावाने आपल्या पैशाचा हिशेब मागण्याची सवय, हरलेल्याने निकाल मान्य करण्याची सवय, या वर्षानुवर्षांच्या रोजच्या सरावाने लागतात. नियम दर दोनतीन वर्षांनी फिरला तर सराव कसला व्हावयाचा? सरपंच थेट निवडावा की पंचांकरवी, या प्रश्नाचे उत्तर दोहोंपैकी कोणतेही असो. ते एकदा ठरवून एक पिढीभर तरी राहू द्यावे, एवढे मागणे मागण्यास औंधच्या उदाहरणाने आम्हांस बळ येते.

आरोग्याचेही याहून निराळे नाही. २०१२ साली महाराष्ट्रात गरिबांच्या मोठ्या आजारांचा खर्च सरकारने उचलण्याची योजना सुरू झाली. २०१७ पासून ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते. तिच्यामुळे ज्यांची शेते वाचली असतील, त्यांच्यापुढे तिला नावे ठेवण्याची कोणाची छाती होईल? पण ती योजना रोगी रुग्णालयाच्या दाराशी पोचल्यावर सुरू होते. त्या दारापर्यंत जाण्याची वेळ कमी जणांवर यावी, हे काम गावच्या विहिरीचे, गटाराचे, शाळेच्या पटांगणाचे आणि ज्याच्या त्याच्या पहाटेचे आहे. बाळासाहेबांची चूक एवढीच, की त्यांचा सगळा भर पटांगणावर राहिला. आमची चूक अशी होऊ पाहते, की आमचा सगळा भर रुग्णालयावर राहील.

विलीनीकरणानंतर अप्पासाहेब पंत भारताचे प्रतिनिधी म्हणून पूर्व आफ्रिकेत गेले आणि पुढे अनेक देशांत त्यांनी नाव मिळविले. राजेसाहेब १९५१ साली वारले. गादी गेली होती, अधिकार तर त्यांनी त्याच्याही नऊ वर्षे आधी आपल्या हाताने सोडला होता. यमाईच्या डोंगरावरील त्यांचे संग्रहालय पाहून उतरणाऱ्याने खाली गावात यावे आणि ग्रामपंचायतीच्या कचेरीवरून एकदा जावे. आत गेल्या सभेचे इतिवृत्त लिहिलेले आहे की नाही, हिशेबाचा कागद भिंतीवर लावलेला आहे की नाही, एवढे पाहावे. औंधचा प्रयोग फसला की टिकला, हे त्या दोन कागदांवरून जितके कळेल तितके आमच्या लेखावरून कळावयाचे नाही.